किटलीच्या पोटातलं घर

तिला सगळे थोरली म्हणत. धाकटी बहीण लग्न होऊन गेली, धाकटीची मुलं कॉलेजात गेली, तरी थोरली आपली थोरलीच राहिली. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारायची लोकांची हौसही कधीच फिटली होती. वडील तांबट. तांब्याच्या पत्र्यातून किटल्या, घागरी, पातेली ठोकून काढायची हा त्यांचा धंदा, आणि घरात मुलगा नाही म्हणून हातोडी आपसूक थोरलीच्या हातात आली. कल्हई तिची, पॉलिश तिचं, किटलीची चोच बसवायची तीही तिनंच. वडिलांइतका हात नव्हता, पण गिऱ्हाइकाला फरक कळू नये इतपत होता.

मग एका सकाळी वडील हातोडी उचलायला गेले आणि उजवा हात वर आलाच नाही. दवाखाना झाला, औषधं झाली. बोलणं हळूहळू परत आलं, जरा जड जिभेनं. हात आणि पाय मात्र नाही आले. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, मागची अंधारी. तिथं पाण्याचं पिंप, कोळशाची पोती, मोडकं सामान. वडिलांची खाट साहजिकच पुढे खिडकीपाशी पडली. खाटेच्या कडेला लघवीचं प्लास्टिकचं भांडं अडकवलेलं असे. लागलं की ते हाक मारत, थोरली हातातलं काम टाकून येई. त्यात दोघांनाही आता काही वाटेनासं झालं होतं.

अडचण निराळीच आली. त्यांचा सगळा माल घेणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदारानं दुकान मुलांच्या हवाली केलं, आणि मुलांनी तिथं मोबाइलची कव्हरं विकायला घेतली. किटल्या खाटेखाली साचत गेल्या. वडील रात्री कुशीवर वळले की खालून खणखण व्हायची.

शेजारी एक केकवाली राहायची. घरीच केक करायची, फोनवर विकायची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

"ताई, ग्रुपवर फोटो टाक ना," ती म्हणाली. "मी काय केक डोक्यावर घेऊन दारोदार फिरते? फोटो टाकते, लोक येतात. तुझ्या किटल्यांना तर नासायची पण भीती नाही."

थोरलीला पटलं. सगळ्यांत देखणी किटली तिनं निवडली, वडिलांच्या हातची, हात चालत होता त्या शेवटच्या दिवसांतली. चिंच आणि मीठ लावून घासली, फडक्यानं पुसून आरशासारखी केली. उजेड खिडकीपाशी, म्हणून स्टूल खाटेसमोर ओढलं. वर धुतलेली उशीची खोळ अंथरली, किटली ठेवली, आणि फोननं फोटो काढून वस्तीच्या ग्रुपवर पाठवून दिला. खाली लिहिलं, 'हाताने ठोकलेली तांब्याची किटली. हवी असल्यास कळवा.'

आधी दोनचार अंगठे आले. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. थोरली खूश झाली. भाजी चिरताचिरता फोनकडे बघत होती. मग एक हसरा चेहरा आला. मग रांगच लागली. इस्त्रीवाल्यानं लिहिलं, 'किटलीत कोण बसलंय?' आणि पाठोपाठ कुणीतरी तिचाच फोटो मोठा करून, लाल रेघेनं गोल करून परत पाठवला.

तिनं पाहिलं. किटलीच्या गोल पोटात सगळी खोली उमटली होती. खाट. खाटेवर बनियनमधले वडील, तोंड अर्धं उघडं, चादर गुडघ्यावर सरकलेली, उघडे काटकुळे पाय. कडेला अडकवलेलं ते भांडं. आणि समोर ती स्वतः, गाऊन कमरेला खोचलेला, कोपरं बाहेर, चेहऱ्याच्या जागी फोन. तांब्याच्या फुगवट्यानं सगळं वेडंवाकडं ताणलेलं. वडिलांचं डोकं भोपळ्याएवढं, तिचे हात खेकड्यासारखे.

'किटलीबरोबर म्हातारा फुकट का?' असंही एकानं विचारलं होतं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो पुसला, पण बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. तोवर तो कुठंकुठं पोचला असेल कोण जाणे. वडील म्हणाले, "काय गं, आलं का कुणाचं?" ती म्हणाली, "नाही अजून," आणि चिरलेली भाजी पुन्हा धुवायला मोरीत गेली.

त्यानंतर दूध आणायला ती गल्लीच्या मागच्या अंगानं जायला लागली. इस्त्रीवाल्याचं दुकान पुढच्या अंगाला होतं.

केकवाली तणतणत आली. "मी चांगलं झाडलंय सगळ्यांना ग्रुपवर! तू कशाला तोंड लपवतेस?" पण थोरलीला तेही नको होतं. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालेलं. बाजू घेऊन कुणी भांडलं की तोच फोटो आणखी चार जणांना आठवायचा.

तिनं स्वतःची समजूत घातली की दोष फोनचा आहे. आणि त्या समजुतीला खतपाणी घालायला धाकटीचा नवरा तयारच होता. मेहुण्यांना जगातलं सगळं कळत असे. माहीत नाही हे वाक्य त्यांच्या तोंडून अजून निघायचं होतं.

"फोनवर कधी प्रॉडक्ट फोटोग्राफी होते का?" ते म्हणाले. "हसतील नाही तर काय करतील लोक? कॅमेरा पाहिजे. प्रोफेशनल. चला माझ्याबरोबर."

जुन्यानव्या कॅमेऱ्यांचं ते दुकान अरुंद आणि थंडगार होतं. काचेच्या कपाटांत भिंगं मांडलेली. दुकानदारानं चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "फोटो कशाचे काढायचेत ताई?"

साधा प्रश्न. पण त्या चकचकीत काचांसमोर तिला किटली म्हणवेना. किटली म्हटलं की हा हसेल, असं तिला वाटलं. जणू तो फोटो त्यानंही पाहिला होता.

"शोभेच्या वस्तू," ती म्हणाली. "असंच. छोट्या."

"धातूच्या, लाकडाच्या, कापडाच्या?"

"सगळ्या," मेहुणे मध्येच म्हणाले. "तुम्ही चांगल्यातला दाखवा हो."

दुकानदारानं मग चांगल्यातला दाखवला. पॉलिशची मोटर घ्यायची म्हणून थोरलीनं जे पैसे बाजूला टाकले होते, ते त्या कॅमेऱ्यात आणि बांगडीसारख्या एका गोल दिव्यात गेले. कॅमेऱ्यावर बटणंच बटणं. परत येताना तो मांडीवर घेऊन ती बसली होती आणि मनात म्हणत होती, नाकापेक्षा मोती जड.

घरी दिवा लावला, किटली ठेवली, फोटो काढला. किटलीच्या पोटात भलंमोठं पांढरं कडं उमटलं, आणि कड्याच्या आत पुन्हा तीच खोली. फरक एवढाच की फोनला जे अंधूक दिसलं होतं ते कॅमेऱ्याला लख्ख दिसलं. वडिलांच्या चादरीवरची ठिगळंसुद्धा.

"बाकी सगळं ठीक आहे," मेहुणे फोटो बघत म्हणाले. मग आवाज खाली आणून, पण खाली आणलेलाही त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत असे, "बाबांची खाट मागे सरकवली तर? म्हणजे इथं स्टुडिओच होतो."

थोरलीनं नको म्हणायला हवं होतं. तिला ते कळलंही. पण डोळ्यांसमोर लाल रेघेचा गोल आला आणि तोंडून निघालं, "बाबा, मागे जरा गार असतं. उन्हाचा त्रास नाही व्हायचा."

ऊन त्या खिडकीत येतच नसे, उजेड येई. वडील खिडकीकडे बघत होते.

"बरं," ते म्हणाले.

पिंप आणि कोळशाच्या पोत्यांमध्ये खाट मावली. लघवीचं भांडं अडकवायला त्या बाजूला जागा नव्हती, म्हणून खिळ्याला टांगलं, वडिलांच्या हातापासून लांब. "हाक मारा, मी इथंच आहे," थोरली म्हणाली, आणि मधल्या दाराला पडदा लावला.

फोटोतून वडील गेले. ती स्वतः अजून दिसत होती, एखाद्या डागासारखी, आणि खिडकीचा चौकोनही. पण त्यातला बरा फोटो तिनं टाकला आणि तो फिरतफिरत एका बाईपर्यंत पोचला. ती बाई नवं चहाचं दुकान थाटत होती आणि मांडायला तांब्याच्या किटल्या शोधत होती. बघायला येते म्हणाली.

बाई आली ती ताज्या इस्त्रीच्या कपड्यांत, अत्तराचा वास घेऊन. थोरलीनं घर लोटून पुसून ठेवलं होतं. बाईंनी एकेक किटली उचलून पाहिली, बोटाच्या पेरानं वाजवली. तेवढ्यात पडद्यामागून जड जिभेची हाक आली.

"पोरी."

थोरलीनं पुढची किटली बाईंच्या हातात दिली, हाक थांबेल म्हणून. पण लघवी काही थांबत नसते.

"पोरी, ए! भांडं दे गं."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "आत कुणी आजारी आहे का?"

"नाही," थोरली म्हणाली. "म्हणजे, शेजारचे आहेत. भिंत पातळ आहे, ऐकू येतं."

पुन्हा हाक आली नाही. बाई आणखी थोडा वेळ बसल्या, दोन किटल्यांचे फोटो स्वतःच्या फोनवर काढून घेतले, कळवते म्हणाल्या आणि गेल्या. थोरली दार लावून धावतच आत गेली.

चादर भिजली होती. गादी भिजली होती. वडील छताकडे बघत पडले होते, आणि डावा हात त्यांनी मांडीवर असा ठेवला होता की जणू त्यानं काही झाकलं जाईल.

"हाक का नाही मारली परत?" ती म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला होता आणि तो भलतीकडे निघत होता.

वडिलांनी ओठ ओले केले. "शेजारच्या माणसानं," ते सावकाश म्हणाले, "किती हाका मारायच्या?"

धरणी पोटात घेत नाही हे माणसाला अशा वेळीच कळतं. पण कामाला लागायलाच हवं होतं, कारण माणूस ओल्यात पडलेला होता. तिनं पाणी तापवलं, त्यांना पुसलं, कपडे बदलले, चादर काढली. सारं करताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. इतक्या दिवसांत हे काम करताना तिला पहिल्यांदाच लाज वाटत होती, आणि त्यांनाही. आजवर वाटत नव्हती ती तिनंच घरात आणली होती.

मग तिनं फोन काढला. लाल रेघेचा तो फोटो तिच्याकडे अजून होता. रोज एकदा तरी ती तो उघडून बघत असे, दुखरा दात जिभेनं चाचपावा तसा. तो वडिलांपुढे धरला आणि सगळं सांगितलं. इस्त्रीवाला, म्हातारा फुकट, सगळं.

वडिलांनी बराच वेळ पाहिलं. ते हसतील, कसली गं लाज म्हणतील, अशी तिला वेडी आशा होती. ते हसले नाहीत.

"हा मी?" ते म्हणाले. आजारपणानंतर त्यांनी स्वतःला धड पाहिलंच नव्हतं. दाढी तीच करायची, आरसा कोण दाखवणार.

"किटलीत वाकडं दिसतं हो बाबा."

"पाय वाकडे नाहीत. वाळलेत." मग थोड्या वेळानं, "मलाही नको होतं गं हे लोकांनी बघायला. पण मला विचारायचंस तरी. मी म्हटलं असतं, चादर नीट कर, हे भांडं काढ. मी काय खुळा आहे?"

त्याच दुपारी केकवालीला हाताशी घेऊन तिनं खाट परत खिडकीपाशी आणली. ओढताना खाटेचा पाय फरशीवर असा काही किंचाळला की केकवाली म्हणाली, "हळू, सगळी गल्ली येईल." थोरली म्हणाली, "येऊ दे." म्हणाली खरी, पण दार आधी लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा आणि दिवा घेऊन एकटीच दुकानात गेली. परत करायला जाणं म्हणजे विकत घेण्यापेक्षा कठीण. दाराबाहेर उभी राहून तिनं दोन गिऱ्हाइकं बाहेर पडू दिली, मग आत शिरली.

"पसंत नाही पडला?" दुकानदारानं विचारलं.

"कॅमेरा चांगला आहे. मी खोटं बोलले होते." ती काउंटरकडे बघत होती. "मला तांब्याच्या किटल्यांचे फोटो काढायचेत. आरशासारख्या असतात. माझं घर दिसतं त्यात. घरात वडील आजारी असतात."

दुकानदारानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

तो हसला नाही. किंमत थोडी कापून त्यानं दोन्ही वस्तू परत घेतल्या आणि म्हणाला, "तुमचा फोन दाखवा. हा चालतोय की! हे बघा ताई, चकचकीत वस्तूचा फोटो म्हणजे आरशाचा फोटो. आरसा नुसता कधी दिसत नाही, समोर जे असेल ते दिसतं. तुम्ही कितीही भारी कॅमेरा घ्या, तो समोरचंच दाखवणार. किटलीच्या चारी बाजूंना पांढरं असलं की किटलीत पांढरं दिसेल. एवढंच आहे बघा."

"मग घेऊ काय?"

"फोन हलू नये म्हणून हा स्टँड. पकड घट्ट आहे का तेवढं बघून घ्या, बाकी स्वस्तातला घेतलात तरी चालेल. आणि दोन दिवे, साधे घरातले, पण दोन्ही एकाच पांढऱ्या रंगाचे. एक पिवळा एक पांढरा केलात तर तांब्याचा रंगच कळायचा नाही. दिवा सरळ किटलीवर मारू नका, कापडाच्या बाहेरून मारा. कापड घरात असेलच."

घरी आल्यावर तिनं आधी वडिलांना विचारलं. "बाबा, इथं तंबू ठोकू का? तुमच्या खाटेसमोर. तुम्ही आत दिसणार नाही. आणि खाट हलायची नाही."

"ठोक," ते म्हणाले. मग म्हणाले, "चादर वर घे माझी."

कपडे वाळत घालायच्या घोडीवर तिनं जुनी, धुऊनधुऊन विरळ झालेली पांढरी चादर टाकली. खाली पांढरा चार्ट पेपर घातला, मागे भिंतीवर वर चढवलेला, म्हणजे कोपऱ्याची रेघ दिसू नये. एक बाजू उघडी पडत होती तिथं केकवालीनं आपला बटर पेपर चिकटवला. चादरीला फोनच्या डोळ्यापुरतं भोक पाडलं, फोन स्टँडवर बसवला, दिवे दोन्ही बाजूंनी कापडाबाहेर ठेवले. बटण दाबलं की हात लागून फोन हलायचा, म्हणून केकवालीनं थोड्याथोड्या वेळानं आपोआप फोटो निघायची सोय लावून दिली. तेवढ्या वेळात दोघी खाली वाकून लपायच्या.

पहिला फोटो आला आणि घर गेलं होतं. खोली नाही, खाट नाही, माणसं नाहीत. पण किटलीही जणू निम्मी गेली होती. सगळीकडून पांढरं झाल्यानं तिची गोलाईच कळेना, ताटासारखी सपाट दिसत होती.

"पुन्हा आगीतून फुफाट्यात," थोरली म्हणाली आणि डोकं धरून बसली.

बटर पेपर ज्यावर घालून आणला होता तो केकचा काळा ट्रे हातातून चादरीच्या आत ठेवून केकवाली तिच्या शेजारी टेकली. फोन अजून फोटो काढतच होता. पुढचा फोटो उघडून पाहतात तो किटलीच्या कडेनं एक काळी, धारदार रेघ वरपासून खालपर्यंत आली होती आणि किटली एकदम भरीव, गोल, हातात घ्यावी अशी झाली होती. ठोक्यान् ठोका मोजता यावा.

"तुझा ट्रे," थोरली म्हणाली.

"अगं बाई! मग राहू दे, मी केक कशातही काढीन."

ट्रेऐवजी नंतर काळ्या कागदाच्या पट्ट्या आल्या, दोन्ही कडांना एकेक. किती आत सरकवल्या की रेघ किती जाड येते, हे थोरलीला हळूहळू हाताला कळत गेलं.

फोटो तिनं वडिलांना दाखवला. त्यांनी तो नाकाशी नेला, किटलीच्या पोटात काही शोधत राहिले, आणि मान हलवली. बरं झालं म्हणून की दुसरंच काही, हे तिनं विचारलं नाही.

चहाच्या दुकानवाल्या बाईंनी किटल्या घ्यायचं ठरवलं आणि न्यायला स्वतः आल्या. थोरलीनं त्यांना दारातच थांबवलं. आदल्या दिवसापासून ती ते वाक्य घोकत होती.

"बाई, हे माझे वडील. तुम्ही निवडलेल्या किटल्या त्यांनीच केल्यात. तुम्ही मागे आलात तेव्हा आतून हाक आली होती, ती यांचीच. मी शेजारचे म्हणाले. खोटं बोलले."

बाई गोंधळल्या. "कधी? हाक आली होती का?" त्यांच्या काहीच लक्षात नव्हतं. मग वडिलांना नमस्कार करून त्या किटलीच्या झाकणाविषयी बोलायला लागल्या, ते इतकं चपखल कसं बसतं म्हणून. वडिलांनी जड जिभेनं काहीतरी सांगितलं, त्यांना ते समजलं नाही, थोरलीनं समजावून सांगितलं.

थोरलीला वाटलं होतं की कबूल केलं की भार उतरेल. पण ज्या बाईंना सांगितलं त्यांना ते आठवतच नव्हतं, आणि ज्याच्या लक्षात होतं तो खाटेवर पडून खिडकीबाहेर बघत होता.

किटल्या मग विकल्या जात राहिल्या. भराभर नाही, पण खाटेखालची जागा मोकळी होत गेली आणि थोरलीला पुन्हा पत्रा आणावा लागला. वडील खाटेवरून सांगत, ती दाराबाहेरच्या ओट्यावर ठोकत असे. ग्रुपवर लोक तिच्या फोटोंना अंगठे देत. एकदा इस्त्रीवालाच बायकोच्या विणकामाच्या पिशव्या घेऊन आला, फोटो काढून देशील का म्हणाला. तिनं दिले काढून. तो उभा होता तोवर त्यानं खाटेकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तिनंही त्याच्याकडे.

वडील त्यानंतर दोन हिवाळे होते. या काळात त्यांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. पण हाक मारण्याआधी ते थांबायला लागले. दाराकडे बघत, बाहेर कुणाचा आवाज येतोय का ते ऐकत, आणि मगच, तेही हळू आवाजात म्हणत, "पोरी, एकटी आहेस ना?"

थोरली ठोकताठोकता मध्येच हातोडी थांबवायची. हाक आलेली नसायची. तरी उठून आत जायची आणि विचारायची, "बाबा, काही हवंय का?"

कधीकधी हवं असायचं.